वरच्या आळीचं कागदी गावठाण

"माणसानं जन्मात एकदा तरी सवताच्या हातानं घर बांधावं. लंका सोन्याची व्हती, पन रावणाला ती आयती मिळाली व्हती. म्हनून जळाली."

हे उद्गार कुंडलिकतात्यांनी निमगाव केतकीच्या वरच्या आळीत, स्वतःच्या ओसरीवर उभं राहून, डावा हात कमरेवर आणि उजवा आढ्याकडे करून काढले. समोर बायको, सून आणि एक मांजर एवढा जनसमुदाय होता. वाक्य चांगलं झालं याची त्यांची त्यांनाच खात्री पटली, आणि अशी खात्री पटलेला माणूस मागं न बघता खाली बसतो, तसे ते बसले. बसले ते थेट ग्रामपंचायतीवर.

पुठ्ठा कर्रकन बोलला आणि गप्प झाला. तीन निवडणुका लढवूनही जिथं बसायला मिळालं नव्हतं, तिथं तात्या असे बिनविरोध बसले, आणि पहिल्याच बैठकीत इमारत जमीनदोस्त केली. ही ग्रामपंचायत कागदाची होती, हे सांगायला हवं. खरी अजून उभी आहे, आणि तिच्यावर बसलेली माणसंही.

तात्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, कातरी खाली ठेवली.

"उठा," त्या म्हणाल्या. "आन् हळू उठा. आत शिपाई हाय."

सुनेनं, प्रगतीनं, सकाळीच एक बोटभर कागदी शिपाई कापून पंचायतीच्या दारात चिकटवला होता. तात्या उठले. शिपाई धोतराला चिकटून आला. मांजर बाहेर गेलं.

हा कागदी कारभार कशासाठी चालला होता, असं कुणी विचारलं असतं तर सिंधुबाई म्हणाल्या असत्या, गौराईसाठी. ते खोटं नव्हतं. नरसिंहपूरला संगमावर जाणारा माणूस देवासाठीच जातो, पण येता येता भाचीला एखादं स्थळ बघून येतो; तितपत ते खरं होतं. बाकीचं खरं समोरच्या घरात राहत होतं, आणि त्याचं नाव होतं कुशाबाई.

कुशाबाई म्हणजे सिंधुबाईंची थोरली जाऊ, तात्यांचे थोरले बंधू गेणबा यांची बायको. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, पितळी भांडी तराजूत घालून वाटली. गौरींचे मुखवटे मात्र रीतीप्रमाणं जोडीनं थोरल्या घरी गेले. सिंधुबाईंनी बारामतीहून नवे आणले. ते बघून आलेल्या बायकांपाशी कुशाबाई एवढंच म्हणाल्या, "इकतच्या का असंनात, नाकीडोळी बऱ्या हायत."

हे वाक्य रस्ता ओलांडून सिंधुबाईंच्या घरात आलं तेव्हा अजून आरतीही झाली नव्हती.

तेव्हापासून एक शिरस्ता पडला. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी सिंधुबाई धाकटेपणानं समोर हळदीकुंकवाला जायच्या, पाटावर बसायच्या, कुशाबाईंची आरास डोळे भरून बघायच्या, कौतुक करायच्या, आणि घरी आल्यावर त्यांना पुरणपोळी गोड लागायची नाही. उलट फेरीला कुशाबाई स्वतः यायच्या नाहीत. सून सोनमला धाडायच्या. सोनम उंबऱ्यात उभ्याउभ्या कुंकू लावून घ्यायची आणि म्हणायची, "आत्या कामात हायत."

वरच्या आळीत या गोष्टींचं एक शास्त्र आहे. बाई उंबऱ्यातून कुंकू घेऊन गेली, तर आली म्हणायची. आत येऊन उभी राहिली, तर बरं बोलते म्हणायची. पाटावर बसली, तरच तिनं घर मानलं. कुशाबाईंनी आपलं घर मानावं, आपल्या गौरीपुढं एकदा बूड टेकावं, एवढीच सिंधुबाईंची इच्छा होती. साडी नको, सोनं नको, जाऊ बसलेली पाहिजे.

प्रगती सांगवीची. तिच्या माहेरी गौरीपुढं कधी चांद्रयान उतरायचं, कधी धरणाचे दरवाजे उघडायचे. तिनं फोनवर दाखवलं, की परदेशात लोक सणाला कागदाची इवली घरं करतात, ओळीनं मांडतात आणि आत दिवे लावतात. घरांचे नकाशे फुकट मिळतात. छापायचे, कापायचे, घड्या घालायच्या, चिकटवायचे.

"आपण आपली आळीच करू, आत्या," प्रगती म्हणाली. "सगळ्यांची घरं. बायका स्वतःचं घर बघायला तरी आत येतील."

सिंधुबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोरगी शिकलेली होती हे त्यांना माहीत होतं. हुशारही आहे हे त्या दिवशी कळलं.

"समद्यांची कर," त्या म्हणाल्या. "आन् समोरच्या आक्काचं सगळ्यात शेवटाला टाक. मंजी नीट हुईल."

तिथं चुकलं, पण ते कळायला वेळ होता.

अजित, म्हणजे तात्यांचा मुलगा, दोडकी घेऊन बारामतीच्या मार्केटला चालला होता. प्रगतीनं सगळी घरं त्याच्या फोनवर पाठवली. दोडकी विकून अजित एका झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि जाड कागदावर छापून घेऊन आला. गठ्ठा ओसरीवर सोडल्यावर सगळ्यांनी पहिलं घर हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्ये छपरावर काय सांडलंय?" सिंधुबाईंनी विचारलं.

"बर्फ हाय, आत्या. त्यांच्याकडं सण थंडीत येतो."

"बर्फ. निमगावात."

"कुरडया म्हनायचं," तात्या म्हणाले. "पत्र्यावर वाळत घातल्यात."

"आन् ह्ये?"

"धुराडं. घरात शेकोटी असते ना त्यांच्या."

तात्यांनी गठ्ठा चाळला. प्रत्येक घराला धुराडं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "बेस झालं. दर घराला सवताचा साखर कारखाना. ज्यो त्यो आपापल्या चुलीपुढं चेअरमन. निवडणुकीची भानगडच मिटली."

पंचायतीसाठी प्रगतीनं मनोरा असलेली एक इमारत निवडली होती. मनोऱ्यावर घड्याळ होतं. तात्या म्हणाले, त्यावर आधी पांढरा कागद चिकटव. आपल्या भागात घड्याळ म्हणजे नुसती वेळ नसते, आणि हळदीकुंकवाला दोन्ही गटांच्या बायका येणार आहेत.

मग कापाकापी सुरू झाली. प्रगतीनं समजावून सांगितलं, की अखंड रेघेवर कापायचं आणि तुटक रेघेवर दुमडायचं. तात्यांनी हे ऐकलं नाही, कारण ते आधीच कापत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ घरं इतकी सफाईनं कापली, की एकाही घराला चिकटवायची पट्टी शिल्लक राहिली नाही.

"तात्या, भिंतीच्या कडंला त्या बारक्या पट्ट्या होत्या ना?"

"काढल्या की. हद्दीच्या भाईर आल्या व्हत्या."

"त्या चिकटवायला होत्या."

"मला काय ठावं? आमी जलमभर बांध कोरनारी मानसं. भाईर आलेलं दिसलं की हात आपसूक चालतो."

जुन्या लग्नपत्रिका बाहेर काढून त्यांच्या पट्ट्या कापाव्या लागल्या, आणि त्या आतून लावून भिंती उभ्या केल्या. त्यामुळं वरच्या आळीतलं निम्मं गाव आतून "आमच्या येथे श्रीकृपेकरून" असं झालं. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नव्हतं. पुष्कळ घरांचं असंच असतं.

सिंधुबाईंच्या वाट्याला दुमजली घर आलं. म्हणजे त्यांनी ते आणलं. खरं घर पत्र्याचं आणि एकमजली. पण कागदावरच्याला वर गॅलरी होती, गॅलरीला नक्षीचा कठडा होता आणि खाली कमानीचं दार. गॅलरी तात्यांनी स्वतः चिकटवली. तीन वेळा पडली. चौथ्या वेळी ती चिकटल्यावर ते घर हातात धरून रस्त्यापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर कुणी नव्हतं, हे त्यांचं दुर्दैव.

मग गठ्ठ्यातला शेवटचा कागद निघाला आणि प्रगतीचा हात थांबला.

झेरॉक्सवाल्याचा जाड कागद संपत आला होता. त्यानं शेवटची दोन पानं आपल्या डोक्यानं एकाच कागदावर शेजारी शेजारी बसवली होती. बाकीची घरं वीतभर. ही दोन काड्यापेटीएवढी. आणि प्रगतीच्या यादीत शेवटची दोन नावं होती, गेणबाआबांचं घर आणि सार्वजनिक शौचालय.

"अगंबाई," प्रगती म्हणाली. "अजितला सांगते. उद्या परत छापून आणेल. नाहीतर हे गोठ्याला ठेवू आणि थोरल्या आत्यांना—"

सिंधुबाईंनी दोन्ही घरं तळहातावर घेतली. एकसारखी होती. एकाला दार पुढून होतं, दुसऱ्याला बाजूनं, एवढाच फरक.

"असू दे," त्या म्हणाल्या. "छपाईच तशी आलीया. आपन काय करनार?"

'आपण काय करणार' हे वाक्य माणूस दोनदा म्हणतो: काहीच करता येत नसताना, आणि सगळं करता येत असताना. सिंधुबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलं. तहान नव्हती. गालातल्या गालात काहीतरी हलत होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून तांब्या बरा पडतो.

गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी जेवल्या. त्यांच्या पुढं थर्माकोलच्या पाटावर वरची आळी उभी राहिली: मधून रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, टोकाला पंचायत. पंचायत इस्त्री करून परत उभी केली होती, तरी किंचित एका बाजूला झुकत होती, पण ते कुणाला खटकलं नाही. कुठलंच घर खऱ्यासारखं दिसत नसल्यामुळं प्रगतीनं दात कोरायच्या काड्यांना कागदाच्या झेंड्या लावल्या, त्यावर घरमालकांची नावं घातली आणि ज्याच्या त्याच्या दारात टोचल्या. सगळ्या घरांत बारके दिवे पेटले. छपरांवरचा बर्फ पिवळा दिसू लागला आणि खरोखरच कुरडयांसारखा झाला.

दिवेलागणीला बायका यायला लागल्या आणि प्रगतीचं भाकीत खरं ठरलं. एकही बाई उंबऱ्यात थांबली नाही. प्रत्येकीनं गौरीला एका हातानं नमस्कार केला, कारण दुसऱ्या हाताचं बोट घर शोधण्यात गुंतलेलं होतं.

"आमचं कुठलं गं?"

"ते बघा की, काकू. निळ्या दाराचं."

"अय्या. माडी हाय आमाला."

धोंडाबाई, आळीतली सगळ्यात म्हातारी, थर्माकोलवर ओणवी झाली. "भादव्यात कुरडया कुनी वाळत घातल्या गं?"

"उन्हाळ्यातल्याच हायत," तात्या दारातून म्हणाले. "काढायच्या ऱ्हायल्या."

"रोहिणीच्या छपरावर बी? तिला कवा येत्यात कुरडया?"

"येत्यात की, काकू," शेजारी बसलेली रोहिणी म्हणाली. "तुमी खाल्ल्यात."

"खाल्ल्यात म्हनून तर इचारते."

प्रयागबाईंना स्वतःचं घर पसंत पडलं, पण त्यापुढचा रस्ता पसंत पडला नाही. "आमच्या म्होरं एवढा रुंद रस्ता हाय व्हय? दोन टॅक्टर जात्याल ह्यातनं."

"तुमचा ओटा काढला तर खऱ्यात बी जात्याल," रोहिणी म्हणाली.

"आमचा ओटा आजेसासऱ्यांपासनंचा हाय."

"आन् रस्ता?"

सिंधुबाई कुंकू लावत होत्या, कॉफीचे कप फिरवत होत्या आणि खोलीकडे बघत होत्या. बसायला जागा उरली नव्हती. पाट संपले, चटई संपली, बायका गव्हाच्या पोत्यावर बसल्या. कुणी उठायचं नाव घेईना. गेल्या वर्षापर्यंत याच बायका चप्पल पायातून न काढता कुंकू घेऊन समोर पळत होत्या. सिंधुबाईंना एवढं सुख झालं, की काही वेळ त्या जावेला विसरल्या.

मग प्रयागबाई रस्त्याच्या टोकाला पोचल्या.

"ही झेंडी कुनाची? गे-ण-बा... आन् ह्ये शेजारी काय हाय?"

"सार्वजनिक शौचालय," प्रगती हळू म्हणाली.

प्रयागबाईंनी मान एकीकडे कलवली, मग दुसरीकडे. "ह्यातलं गेणबाआबाचं कुठलं?"

कॉफीचा शेवटचा घोट घेतल्यासारखा आवाज कुणीतरी केला, पण तो हसण्याचा होता.

"पुढनं दार हाय ते," प्रगतीनं सांगितलं.

प्रयागबाई उठल्या. त्यांनी कुंकू लावून घेतलेलं नव्हतं, कॉफी निम्मी होती. "आले गं," एवढंच म्हणून त्या गेल्या. ज्या चालीनं गेल्या ती आळीला ओळखीची होती. गावात आग लागली तरी प्रयागबाई चालत जातात. बातमी लागली की तेवढ्या पळतात.

सिंधुबाई कुंकवाचा करंडा धरून उभ्या राहिल्या. येऊ दे, त्यांनी मनाशी म्हटलं. छपाईच तशी आलीय. पण खिडकीतून समोरचं दार उघडलेलं दिसलं, दारात कुशाबाई दिसल्या, त्यांनी पदर खोचलेला दिसला, आणि सिंधुबाईंनी करंडा खाली ठेवला.

इतकी वर्षं जिची वाट बघितली ती आज येत होती, आणि येत होती ती न बसण्यासाठी. उंबऱ्यात उभी राहील, चार शब्द बोलेल, उभ्याउभ्याच परत जाईल, आणि परत कधी यायची नाही. आळी म्हणेल, बरोबर केलं कुशाबाईनं. सिंधुबाईंना सगळ्यात वाईट याचं वाटलं, की आळीचं तेव्हा खरंच बरोबर असेल.

कुशाबाई येतेय म्हटल्यावर सगळ्या बायका बघायला ओसरीवर धावल्या. खोलीत गौरी, प्रगती, तात्या आणि सिंधुबाई एवढेच राहिले.

"अवो," सिंधुबाई म्हणाल्या, "आपली झेंडी काढा."

"का?"

"काढा मंजी काढा. प्रगती, आबांची दे."

तात्यांना उलगडा झाला. त्यांनी दोन्ही हात दुमजली घराभोवती धरले. "ही गॅलरी माझ्या हातची हाय."

"असंल."

"मी शौचालयाच्या शेजारी ऱ्हानार न्हाय, सांगून ठिवतो."

"तुमाला काय तितं निजायचंय? हात काढा, आक्का ओट्याला लागली."

गावठाणातून उठवलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं तात्यांनी हात काढले. सिंधुबाईंनी दोन बोटांनी स्वतःच्या नवऱ्याचं नाव दुमजली घराच्या दारातून उपटलं आणि काड्यापेटीच्या दारात टोचलं. गेणबाची झेंडी गॅलरीखाली गेली. एवढं करून त्या सरळ झाल्या आणि वळल्या, तर उंबऱ्यात कुशाबाई.

मागं सून सोनम, त्यामागं प्रयागबाई, त्यामागं आळी.

"कुठंय ते?" कुशाबाई म्हणाल्या. राम राम नाही, गौरीला नमस्कार नाही. चप्पल मात्र बाहेर काढली होती. भांडायला येणारी बाई चप्पल काढत नाही असं म्हणतात, पण कुशाबाई सोवळ्यानंच भांडायच्या.

त्या आत आल्या आणि पंचायतीपासून एकेक घर बघत निघाल्या. सोनम नावं वाचत होती. शौचालयाच्या अलीकडे ती अडखळली.

"आत्या, ह्ये... ह्ये आपलं न्हाय. ह्ये तात्यांचं हाय. आपलं त्ये. माडीचं."

"मघाशी तर—" प्रयागबाईंनी तोंड उघडलं.

"मघाशी तुमी चष्मा घरी ठिवला व्हता," रोहिणी म्हणाली.

"मी चष्मा लावतच न्हाय."

"त्येच म्हनते मी."

कुशाबाईंनी दुमजली घराकडे पाहिलं. आत दिवा होता, कठड्याची नक्षी भिंतीवर पडली होती.

"आमाला गॅलरी कवा झाली?"

"थोरल्या घराला शोभंल अशी केली, आक्का," सिंधुबाई म्हणाल्या. आवाज सरळ ठेवायला त्यांना फार जोर लावावा लागला.

"आन् ह्ये बारकं तुमचं?"

"व्हय."

"एवढं बारकं?"

"आमी धाकटीच न्हवं का."

कुशाबाई खाली वाकल्या. थर्माकोलमध्ये प्रत्येक घराच्या दारात एक भोक होतं, झेंडीचं. या दोन दारांत मात्र दोन दोन होती. घाईत टोचलेल्या काड्या जुन्या भोकांच्या शेजारी गेल्या होत्या. कुशाबाईंचं रान बांधाला बांध लागून चार भाऊबंदांत आहे. रोवलेला खुंट रातोरात हलला तर जुनं भोक कुठं बघायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या भोकांकडे बघत राहिल्या. सिंधुबाईही भोकांकडेच बघत होत्या. दोघींना जे दिसलं ते दोघींनाच दिसलं.

मग कुशाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"बस म्हनायची रीत हाय का न्हाय ह्या घरात?"

पाट शिल्लक नव्हता. प्रगतीनं देवघरातला आणला. कुशाबाई त्यावर बसल्या, आणि उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत एक कुजबुज गेली: बसली.

सिंधुबाईंनी हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. कुशाबाईंनी ते पदरानं पुसलं. ओटी भरली. कॉफी दिली. करंजी दिली. कुशाबाईंनी एकेक करून सगळ्याला नावं ठेवली, आणि ज्या प्रेमानं ठेवली ते ऐकून सिंधुबाईंचा जीव गार होत गेला. करंजीला मोहन कमी पडलंय. कॉफीत जायफळ जास्त झालंय. आमच्या छपरावर कुरडया कमी हायत, प्रयागच्या छपरावर निम्म्या तरी जास्त दिसत्यात, तिनं कवा केल्या? गौरींचे मुखवटे त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "नाकीडोळी बेस हायत." इकतच्या म्हणाल्या नाहीत. सिंधुबाईंनी आत जाऊन पुन्हा पाणी प्यायलं. या वेळी खरंच तहान लागली होती.

बायकांना घरी जायचं होतं. धारा काढायच्या होत्या, पोरं जेवायची होती. पण पहिलं कोण उठणार? शेवटी एकेक करून उठल्या, कुशाबाईंकडे बघत बघत गेल्या. कुशाबाई उठल्या नाहीत. सोनम म्हणाली, "आत्या, चलायचं?" "तू हो म्होरं," त्या म्हणाल्या. "मी बसते जरा." आळीत ही बातमी दुसऱ्यांदा फिरली: अजून बसलीय. धोंडाबाई म्हणे घरून परत आल्या, खात्री करायला, आणि खिडकीतून बघून गेल्या.

थोड्या वेळानं खुद्द गेणबाआबा आले. वाटणीनंतर धाकट्या भावाच्या ओसरीवर ते पहिल्यांदाच चढत होते, आणि चढायचं कारण भूक होती.

"हितंच हायस व्हय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"हितंच हाय. सोनम वाढंल, जेवून घ्या."

गेणबा वळणार तेवढ्यात त्यांना आपली झेंडी दिसली. ते दोन पावलं आत आले. "कुंडलिका, ह्या गॅलरीला जिना कुठनं काढलाय?"

"जिना नकाशात न्हवता, आबा."

"मग चढायचं कसं?"

"आतनं आसंल."

"आतनं काढू नगं. आत जागा जाती." एवढा सल्ला देऊन गेणबा जेवायला गेले. कितीतरी वर्षांनी भावाभावांत झालेलं हे पहिलं बोलणं, आणि त्यात कुठंही वकील लागला नाही.

तात्यांच्या मनात आता वाक्य जमू लागलं होतं. सिंधुबाईंना नवऱ्याची ती अवस्था ओळखू येते. त्यांचा डावा हात कमरेकडे जायला लागतो. गेला. उजवा आढ्याकडे निघाला.

"रान वाटता येतं," तात्या म्हणाले. "ईर वाटता येती, भांडी वाटता येत्यात. पन ज्या दिवशी थोरली जाऊ धाकटीच्या गौरीपुढं बसती आन् उठायचं नाव घेत न्हाय, त्या दिवशी समजावं, की वाटणीचा कागद खोटा व्हता, आन् ही कागदाची घरं खरी."

वाक्य खरोखरच चांगलं झालं होतं. प्रगतीनं डोळ्यांना पदर लावला. सिंधुबाईंनाही भरून आलं. त्या जावेच्या समोर जमिनीवरच बसल्या. छोट्या दिव्यांच्या उजेडात कुशाबाईंचा चेहरा ओढलेला दिसत होता, डोळ्यांत पाणी तरळत होतं, ओठ घट्ट मिटले होते. हे सगळं एका कागदाच्या गॅलरीनं केलं, आणि आपण ती द्यायला एवढा वेळ लावला, असं सिंधुबाईंच्या मनात आलं.

"आक्का," त्या म्हणाल्या.

कुशाबाईंनी तात्यांकडे पाहिलं, प्रगतीकडे पाहिलं. मग बोटानं सिंधुबाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"सिंधे, त्यास्नी भाईर धाड आन् मला जरा हात दे. गुडघा धरलाय. कॉफीच्या आधीपासनं उठायचं बघतीया."